कोऱ्या डिस्कची नक्कल

"दोन डिस्क होत्या, काका," रविराज म्हणाला. "एकीवर आवाज साठवला की त्याच क्षणी दुसरीवर त्याची नक्कल होते. रेड म्हणतात या पद्धतीला. एक बिघडली तरी दुसरी शाबूत राहते."

तात्यारावांनी मांडीवरच्या पाटीवर लिहिलं, "मग?"

तात्याराव हडपसरच्या शाळेत एकतीस वर्षं भूगोल शिकवून निवृत्त झालेले. घशात गाठ निघाली आणि स्वरयंत्र काढावं लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. खराडीतल्या या कंपनीने तेव्हा कळवलं होतं : आवाज आधी साठवून ठेवू, नंतर तुम्ही फोनवर टाईप कराल ते तुमच्याच आवाजात ऐकू येईल. तीन आठवडे ते रोज बसने येत होते. बंद खोलीत माइकसमोर बसून त्यांनी सोळाशे वाक्यं वाचली. शेवटची दोनशे वाचताना थुंकीत रक्त येत होतं. त्यांची बायको दुर्गाबाई बाहेर गरम पाण्याचा थर्मास घेऊन बसायच्या. ऑपरेशनला आता दोन महिने झाले होते. गळ्याला भोक होतं, त्यावर पातळ रुमाल. फोनमधला आवाज आज मिळणार म्हणून दोघं आले होते.

"मागच्या आठवड्यात एक डिस्क बिघडली," रविराज म्हणाला. "आम्ही लगेच नवी बसवली. शाबूत डिस्कवरचं नवीवर उतरवायचं होतं."

त्याच्या हाताखालची इंजिनिअर उत्कर्षा शेजारी बसली होती. पुढचं तिने सांगितलं.

"उलटं झालं. कोरी डिस्क भरलेलीवर उतरली. आता दोन्ही कोऱ्या आहेत."

पाटीवर उमटलं, "तिसरी प्रत?"

"बॅकअप घ्यायचा राहिला होता," रविराज म्हणाला. "आणि खरं सांगायचं तर ही सेवा आम्ही मोफत देतो. पण काळजी करू नका. पुरुषांचे चार तयार आवाज आहेत आमच्याकडे. आवडेल तो निवडा."

त्याने फोन पुढे धरला. फोनमधून एक गुळगुळीत, तरणा आवाज आला, "नमस्कार. मी तात्याराव बोलतोय."

तात्यारावांची मान लाल झाली. त्यांनी तोंड उघडलं. रुमालाआडून नुसती हवा फसफसली. त्यांनी खडू उचलला. मग दोन शब्द लिहून त्यांनी पाटी बायकोकडे वळवली.

दुर्गाबाईंनी चष्मा लावून वाचलं. मग त्या उठून उभ्या राहिल्या.

"ते म्हणत्यात, ते चार आवाज तुमच्याकडंच ठेवा. रगत गिळून वाचलंय ह्या माणसानं. चूक तुमची, अन् निवड आमी करायची?"

"काकू, टेक्निकल गोष्ट आहे ही—"

"ते म्हणत्यात, कुणी उलटं केलं अन् तिसरी प्रत का नव्हती, ते कागदावर लिहून द्या. सही करून. अन् आणिक किती जणांचे आवाज होते त्याच्यावर?"



"सव्वीस," उत्कर्षा म्हणाली. "त्यातल्या सात जणांचं ऑपरेशन अजून व्हायचंय."

"त्यांना सांगितलंत?" दुर्गाबाईंनी विचारलं.

"नाही."

"मग ते म्हणत्यात, आत्ता फोन लावा. आमच्यासमोर. त्यांना बोलता येतंय तवर बोलवून घ्या."

उत्कर्षाने साहेबाकडे न पाहता फोन उचलला.

"एवढं सगळं लिहिलंय काकांनी?" रविराज कोरडेपणाने म्हणाला आणि टेबलावरून वाकून त्याने पाटी स्वतःकडे फिरवली.

पाटीवर लिहिलं होतं, "घरी चल."

दुर्गाबाईंनी मान खाली घातली. तात्यारावांनी रविराजच्या हातातून पाटी ओढून घेतली, बाहीने पुसली आणि मोठ्या अक्षरांत लिहून बायकोपुढे धरली.

"पुढे बोल."