आधी तुम्ही

चौकात मलीहेची गाडी सगळ्यांत आधी पोचली. चारही बाजूंना थांबण्याच्या लाल पाट्या होत्या. जो आधी थांबेल तो आधी निघेल, एवढाच नियम, आणि पुस्तकातलं ते पान तिला तोंडपाठ होतं. तेवढ्यात उजवीकडून एक जुनी निळी गाडी येऊन थांबली. आत पांढऱ्या केसांचे एक गृहस्थ होते. मलीहेचा हात स्टिअरिंगवरून आपोआप उचलला गेला. आधी तुम्ही.

गृहस्थांनी मान हलवली. नाही, तुम्ही.

मलीहेने हात छातीवर ठेवून मान झुकवली. छे, असं कसं! गृहस्थ हसले आणि त्यांनीही छातीवर हात ठेवला. म्हणजे हेही आपल्याच इराणचे निघाले! टोरांटोच्या या भागात चार गाड्यांमागे एक आपलीच असते. आता तर माघार घेणं शक्यच नव्हतं. मागे तीन गाड्या खोळंबल्या. शेवटी एकाने भोंगा वाजवला, आणि दोघांनी एकाच क्षणी समोरच्याचा आग्रह मानला. दोन्ही गाड्या एकदमच चौकात घुसल्या.

"ब्रेक!" शेजारी बसलेल्या परीक्षक प्रेस्कॉडबाई ओरडल्या. निळी गाडी दोन हातांवर येऊन थांबली. बाईंनी श्वास सोडला आणि मांडीवरच्या कागदावर फुली मारली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

दोघी परीक्षा केंद्रावर परत आल्या. मलीहेने गाडी दोन पांढऱ्या पट्ट्यांच्या बरोबर मधोमध लावली. तेहरानमध्ये तिने बत्तीस वर्षं गाडी चालवली होती, पण तिथला परवाना इथे नुसता दाखवून भागत नव्हतं. परीक्षा द्यावीच लागे, आणि ही तिसरी होती.

"मॅडम, गाडी तुम्ही माझ्यापेक्षा चांगली चालवता," प्रेस्कॉडबाई म्हणाल्या. "मागच्या दोन्ही कागदांवरही तेच लिहिलंय. तुम्ही नापास होता ते फक्त मान देण्यात. तेहरानलाही अशाच चालवायचात?"

"छे हो! तिथे मी कुणाच्या बापाला रस्ता दिला नाही. पण तिथे सगळे पळत असतात, कुणाचा चेहरा दिसत नाही. इथे माणूस समोर थांबतो, आपल्याकडे बघतो. मग त्याला सोडून पुढे कसं जायचं?"

"तुमची पाळी होती म्हणून जायचं."

"आमच्यात पहिल्या बोलावण्याला कुणी हो म्हणत नाही, बाई. दोनदा नको म्हणायचं. समोरच्याने तिसऱ्यांदा आग्रह केला की मग घ्यायचं."

प्रेस्कॉडबाईंना हसू आलं, पण त्यांनी ते आवरलं. "घरी चहाला ते ठीक आहे. रस्त्यावर तुमच्या मनात काय आहे ते समोरच्याला पहिल्याच वेळी कळायला हवं. नाही कळलं तर माणसं मरतात." त्यांनी कागद तिच्या हातात दिला. "सहा आठवड्यांनी या."

सहा आठवडे. मलीहे कागद धरून तशीच बसून राहिली. तिचा नवरा जमशीद चाळीस मैलांवर, स्मृतिभ्रंश झालेल्या म्हाताऱ्यांच्या आश्रमात होता. तिथल्या मुली प्रेमळ होत्या, पण त्यांनी चमचा पुढे केला की तो तोंड मिटून घ्यायचा. मलीहेने भरवलं तरच पोटभर खायचा. बस तिथवर जात नव्हती आणि टॅक्सी रोज परवडणारी नव्हती. मुलगा पूयान रविवारी नेई, म्हणून जमशीद रविवारी जेवे. गेल्या रविवारी त्याचं घड्याळ मनगटावरून कोपरापर्यंत घसरलं होतं. तिने कागदाची घडी घातली आणि ती गाडीतून उतरली.

पूयान आत बाकावर बसला होता. विसाव्या वर्षी शिकायला म्हणून आला, तो आता इथलाच झाला होता. तिचा चेहरा बघूनच त्याला कळलं.

"जाऊ दे, मामान. पुढच्या वेळी होईल."

"होईल."

"मी दिवसभराची रजा टाकलीय." त्याने घड्याळात पाहिलं. "बाबांकडे जाऊन यायचं का?"

नको रे, कशाला, तू दमला असशील, रविवार आहेच की. अख्खं वाक्य जिभेवर तयार होतं. हातसुद्धा छातीकडे निघाला होता. मलीहेने तो खाली घेतला.

"हो," ती म्हणाली.

"चल."

"आणि मंगळवारीही ने मला. गुरुवारीही."

बोलून झाल्यावर तिचे कान तापले. आयुष्यात तिने कुणापुढे मागण्यासाठी असं ताट पुढे केलं नव्हतं. पूयानने तिच्या हातातून किल्ली घेतली.

"नेईन की. कामावरून परस्पर नेईन." मग त्याचा आवाज जरा चढला. "पण बाबांना तिथे ठेवलं, त्याच दिवशी मी तुला विचारलं होतं, मामान. आठवड्यात आणखी कधी नेऊ का म्हणून. तूच म्हणालीस, रविवार पुरे."

"म्हणाले होते."

"मग?"

"तू एकदाच विचारलंस, बाळा."