हातगुण

स्टुडिओवाल्या काकांनी काढलेल्या फोटोत माणूस दहा वर्षांनी तरुण दिसायचा. “आपला हातगुणच आहे तसा,” काका कॉलर ताठ करून सांगायचे.

यंदा त्यांनी जुनी लेन्स दुरुस्तीला दिली, तर कारागीर म्हणाला, “आत बुरशीचं हे एवढं जाळं होतं! पुसून लख्ख केलीय. आता कोरड्या डब्यातच ठेवत जा.”

घरी येताच काकांनी हौसेने काकूंचा फोटो काढला. काकूंनी तो चष्मा लावून पाहिला, मग चष्मा काढून पाहिला. डब्यातली लेन्स उचलली आणि मोरीतल्या फळीवर नेऊन ठेवली.

“अगं, तिथे ओल असते! पुन्हा बुरशी धरेल!”

“धरू दे की. एकदा धरली, की मग दाखवा तुमचा हातगुण.”