दहा मिनिटांचा सराव

सर्व्हरवाल्याची नोकरी वाचली. पण कशी, हे तुम्ही अजून ऐकलेलंच नाही.

संकटाचा सराव म्हणून त्याने बरोब्बर अकराला मुख्य सर्व्हर बंद केला. दहा मिनिटांत राखीव सर्व्हर सुरू झाला नाही, तर त्याला नारळ मिळणार होता.

"राखीव सर्व्हरला हात लावू नकोस! आधी परवानगीचा अर्ज भर," मोठे साहेब गरजले.

"साहेब, तो अर्ज बंद सर्व्हरमध्येच आहे."

या वादात सगळ्यांची जेवणं उरकली.

"किती वेळ गेला रे?"

ऑफिसची सगळी घड्याळं त्याच सर्व्हरवर चालायची. त्याने भिंतीकडे पाहिलं. "अकराच वाजलेत, साहेब."

"मग अजून दहा मिनिटं आहेत की, बाबा!"

लगेच दारावर साहेबांच्या सहीची सूचना लागली.



"राखीव सर्व्हर सुरू होईपर्यंत सूर्याने अकराच्या पुढे सरकू नये, ही नम्र विनंती."