धोंडूकाकांचं गाऱ्हाणं

"काका, ह्याच्या वर मला नाय जमणार. देवाशपथ," घर घ्यायला आलेला राजेश म्हणाला आणि त्यानं चहा तसाच पुढ्यात ठेवला.

आकडा वाईट नव्हता. दलाल नंदकिशोरनं हिशेब मांडून दाखवलाच होता. बँकेचं सगळं फिटून वर अकरा लाख उरत होते. गावच्या घरावर धड कौलं चढली असती, म्हातारपणाची औषधं निघाली असती. सोमवारी लिलाव. तिथं पडेल भावात घर गेलं तर अकरा लाख राहू देत, अकरा रुपये हाती लागतील याची खात्री नव्हती. आधी विकायचं तर शनिवारपर्यंत गिऱ्हाईक आणा, बँकेनं निक्षून सांगितलं होतं. आणि आज शनिवारच होता.

"बरां," धोंडूकाका म्हणाले आणि त्यांनी सही करून टाकली.

पण दिंडोशीचा हा फ्लॅट दोघांच्या नावावर. दुसरी सही रत्नप्रभाकाकूंची, आणि काकू स्वयंपाकघराच्या दारात हाताची घडी घालून उभ्या.

"सुबोध येऊंदे. तेका इचारल्याशिवाय मी सय करूचंय नाय."

आता काय बोलणार! सुबोध त्यांचा एकुलता एक. त्याच्याच धंद्यासाठी घर गहाण पडलं, धंदा बसला, आणि साहेब आठ महिन्यांपूर्वी 'दोन दिवसांत येतो' म्हणून गेले ते गेलेच. फोन बंद. तो येत नाही हे सगळ्या बिल्डिंगला ठाऊक होतं. काकूंनाही असणार, पण ते त्यांच्या तोंडावर कोण बोलणार?

राजेशची बायको जान्हवी याच कॉलनीत लहानाची मोठी झालेली. सत्यनारायण असो की नवी लिफ्ट, इथं धोंडूकाकांनी देवाला घातलेल्या गाऱ्हाण्याशिवाय नारळ फुटलेला तिनं कधी बघितला नव्हता. तिनं पिशवीतून नारळ काढला.

"काका, गाऱ्हाणं तुम्हीच घाला ना. तुमच्या तोंडून झालं की बरं वाटेल."

पोरगी वाईट नव्हती हो. पण मागू नये ते मागून बसली.

"अगं, आधी सही तर होऊ दे," नंदकिशोर पुटपुटला. तोवर काका उठलेसुद्धा होते. गाऱ्हाण्याला नाही म्हणणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं. त्यांनी खुंटीवरची टोपी घातली, नारळ ओंजळीत धरला आणि देव्हाऱ्यापुढे उभे राहिले.

"बा देवा रवळनाथा, बारा वयवाटीच्या म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा," राजेश आणि जान्हवी म्हणाले.

"आज तुझी लेकरां तुझ्या पायाकडे उभी रवली हत. तेंका सुखासमाधानान नांदव रे म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा."

काकांचा आवाज लागला. पंचवीस वर्षं याच भिंतीपुढे हेच शब्द, आठ महिन्यांपासून त्यात एक मागणं वाढलेलं. त्यांनी डोळे मिटून घेतले.

"काय वाकडानाकडा असात, इडापिडा असात, ती भायर काढ. नि ह्या घराच्या धन्याक, माझ्या सुबोधाक, हातान धरून घराक घेवन ये रे म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!"

एकच आवाज आला. काकूंचा.

राजेश खाली बघू लागला. नंदकिशोरनं उगाच फोन काढला. जान्हवीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपण हे कुठून मागितलं, असं तिला वाटत होतं.

"चुकलंय," काका म्हणाले. देवाला म्हणाले की बायकोला, कळलं नाही. त्यांना रडू येत होतं, पण गाऱ्हाणं अर्धवट टाकून कुणी देवापुढून हलत नाही. त्यांनी टोपी सारखी केली.

"ह्या घराच्या धन्याक... राजेशाक, जान्हवीक, तेंच्या पोराबाळांक, ह्या घरात काय एक कमी पडू देव नको रे म्हाराजा."

या वेळी मागून व्हय आलं नाही. एवढं झाल्यावर राजेशनं स्वतःच्या नावाला स्वतःच व्हय कसं म्हणायचं? आणि व्हय म्हणणारं कुणी नसलं तर गाऱ्हाणं देवापर्यंत पोचत नाही, हे कोकणातल्या शेंबड्या पोरालाही कळतं. काका नारळ धरून तसेच उभे होते. मागे वळून बघायची त्यांची हिंमत होत नव्हती.

काकू दारातून पुढे आल्या. त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि काकांच्या शेजारी जाऊन हात जोडले.

"व्हय म्हाराजा."

नारळ फुटला. नंदकिशोरनं कागद पुढे सरकवून बोटानं जागा दाखवली. काकूंनी एकेक अक्षर जपून काढत पूर्ण नाव लिहिलं. पेन परत दिलं. मग जान्हवीला जवळ बोलावलं.

"गो चेडवा, सुबोध इलो तर तेका दारातसून परत धाडू नको हां. आत घे. गूळ-पाणी दी. नि मगे सांग, तुझी आवस गावाक गेली म्हणान."