विसावं डोकं

तपासनीसांनी पुन्हा एकदा मोजलं. एकोणीस.

"बाई, हजेरीपटावर बावीस आहेत. उरलेली तिघं?"

"आली नाहीत." बाईंनी खडूचे हात झटकले. "ताप असेल, नाहीतर घरी काही काम निघालं असेल."

पडताळणीच्या दिवशी वर्गात वीस डोकी भरली नाहीत की शाळा बंद, आणि मुलं बसने शहरातल्या मोठ्या शाळेत, असा नियम होता. या महिन्यात तपासनीसांनी आठ शाळांना टाळं लावलं होतं. प्रत्येक ठिकाणी लोकांनी पाणी दिलं, हात जोडले, फाटकापर्यंत सोडायला आले. त्यापेक्षा शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. निवृत्तीला चार महिने उरले होते आणि या कामाचा त्यांना वीट आला होता.

खोली एक, इयत्ता पाच, शिकवणाऱ्या बाई एकट्या. पट चाळीसवर गेल्याशिवाय दुसरा शिक्षक मिळत नाही, आणि एकाच शिक्षकाच्या शाळेत पट काही चाळीसवर जात नाही. तपासनीसांनी पाचवीतल्या मुलाला धडा वाचायला सांगितला. पहिल्याच ओळीत त्याची गाडी अडली. बाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. मागे पहिलीतली दोघं पेन्सिलीवरून भांडत होती.

"एकट्याच किती वर्षं?"

"अकरा. मी आजारी पडले की शाळाही आजारी."

टेबलावर दोऱ्याने बांधलेला एक गठ्ठा होता. शाळा सोडल्याचे दाखले. बावीसच्या बावीस, वळणदार अक्षरात भरलेले, फक्त तारीख कोरी. बिचारीने आशाच सोडलेली दिसत होती.

"बाई, मी वीस लिहितो."

"नको."

"अहो, एका डोक्याने कुणाचं काय जातंय?"

"एकोणीस आहेत तर एकोणीसच लिहा, साहेब. उगाच तुमच्या अंगाशी येईल."

इतकं सरळ माणूस महिन्याभरात भेटलं नव्हतं. उभ्या नोकरीत तपासनीसांनी एक खोटा आकडा लिहिला नव्हता. आज लिहिला. टॅबवर वीस टाकले आणि बटण दाबलं. एकदा गेलेली नोंद कुणालाच बदलता येत नसे, त्यांनासुद्धा.

"गेलं! आता पाच वर्षं इकडे कुणी फिरकणार नाही."

बाई मुलांच्या बाकावर मटकन बसल्या. त्यांचे डोळे भरून आले.

"पाच वर्षं," त्या म्हणाल्या.

"आभार मानू नका हो," तपासनीस म्हणाले आणि महिन्यात पहिल्यांदाच हलक्या पावलांनी शाळेबाहेर पडले.

वळणावरच्या घराच्या पायरीवर तीन मुली बसल्या होत्या. अंगात इस्त्रीचा गणवेश, पाठीला दप्तरं, आणि तिघी अगदी ठणठणीत.

"काय गं पोरींनो, शाळा बुडवून इथे काय करताय?"

मोठीने ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला ना काका! ते मोजणीवाले साहेब गेले का? ते जाईपर्यंत शाळेत यायचं नाही, असं बाईंनी सांगितलंय. आम्ही तिघी कमी भरलो ना, की सगळ्यांना मोठ्या शाळेची बस येणार. तिथे प्रत्येक वर्गाला वेगळ्या बाई असतात!"