गरज संपलेली सुई

“सिस्टर, माझी सुई सुटली बघा! म्हणजे आता घरी ना?” शर्टाची बटणं लावत सात नंबरचे गुरवकाका हसले.

कुमुदिनी सिस्टरांनी गादीवर गळून पडलेली सुई उचलली. सलाईनची ही नवी सुई हातावर ठेवली की स्वतःच शीर शोधून आत शिरायची आणि गरज संपली की आपोआप गळून पडायची. चाचणीच्या तक्त्यात त्यांनी अकरा पेशंटपुढे ‘सूज नाही, तक्रार नाही’ असं इमानेइतबारे लिहिलं होतं. सुई गळून पडल्यावर तासाभरात अकराही जण दगावले होते. तक्त्यात त्याला रकानाच नव्हता.

“थांबा काका, दुसरी लावते,” म्हणत त्यांनी नवी सुई काकांच्या मनगटावर ठेवली. ती क्षणभर निपचित पडून राहिली. मग हळूच वळली आणि सिस्टरांच्या बोटाकडे सरपटू लागली.