आधीच्या कुत्र्याचं नाव

आमच्या कुत्र्यांच्या निवाऱ्यातून कुणाला पिल्लू दत्तक हवं असेल, तर मी आधी फोन करून अर्ज मोठ्याने वाचून दाखवते. कागदावर खोटं लिहिणं सोपं असतं. स्वतःच्या कानांनी ऐकताना माणूस अडखळतो.

"शाल्मली मॅडम, जयनगर. दोन महिन्यांचं पिल्लू. सरी? बरोबर ना?"

"हो, सौम्याअक्का. मुलीचा वाढदिवस आहे रविवारी."

"आधी कुत्रा होता. तेरा वर्षं सांभाळला. म्हातारपणाने गेला. बरोबर?"

"बरोबर. फार जीव होता आमचा त्याच्यावर."

ती अजिबात अडखळली नाही. मी टिक केली.

"नाव, चिक्कू."

टेबलाखाली खडबड झाली. आठ महिन्यांपूर्वी कुणीतरी आमच्या फाटकाला बांधून गेलेला आंधळा, म्हातारा कुत्रा तिथे पडून असतो. मोती, राजा, टायगर, आम्ही सुचतील तेवढ्या नावांनी त्याला हाका मारून पाहिल्या होत्या. त्याने कधी कानसुद्धा हलवला नव्हता. आता तो थरथरत उभा राहिला होता आणि माझा हात हुंगत होता.

"चिक्कू?" मी पुन्हा म्हणाले.

तो दोनदा भुंकला आणि मग लहान मुलासारखा लांब सूर काढून रडला.

मी फोन त्याच्या तोंडाजवळ धरला.

मग तिने हळूच विचारलं, "अजून आहे तो?"